यादीत नसलेलं टेकाड

५ ऑगस्ट १९६३
चित्रपटाची छावणी, नीपरच्या काठी

आई,

माफी मागायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे तू त्या आशेने शेवटपर्यंत वाचणार नाहीस. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. तुझ्या चष्म्याची एक काच तडकली आहे हे मला माहीत आहे.

छावणीपासून आपलं घर चालत पाऊण तासावर. तरी लिहावं लागतंय, कारण परवा तू माझ्या तोंडावर दार लावलंस. फ्रोस्या मावशी रोज टपालाची पिशवी घेऊन इथे येते, तिच्याच हाती देते आहे. वाटेत उघडणार नाही असं तिने वचन दिलंय. मावशी, उघडलंच असेल तर निदान घडी होती तशी घाला.

तू तुझी बाजू मांडलीच नाहीस, तेव्हा मी माझी मांडते. मी उंबऱ्यात उभी राहून आनंदाने सांगत होते की लढाईचं सगळ्यात मोठं दृश्य आपल्या गावच्या शेतावर घेणार आहेत, आणि तोफांचा मोर्चा नेमका गुरांच्या खड्ड्यावरच्या टेकाडावर उभा राहणार आहे, आणि ती जागा मी सुचवली आहे. तू चुलीवरचं भांडं उतरवलंस, हात पुसलेस आणि म्हणालीस, "तिथे फावडं लागलं तर तू माझी पोर नाहीस." मी विचारलं, का? तर दार. मग कडीचा आवाज आला. आपण दिवसा कधी कडी लावत नाही, आई.

मी काय गुन्हा केला? तुझ्या आजारपणात १८१२ च्या फ्रेंच स्वारीवरच्या ज्या कादंबरीचे चार खंड मी तुला वाचून दाखवले, तिचाच हा चित्रपट आहे. आठवतं का, मेजवान्यांची पानं आली की तुला झोप लागायची आणि तोफा सुरू झाल्या की जाग यायची. त्याच तोफा आता आपल्या शेतावर आल्या आहेत. बारा हजार खरे जवान तंबूंत राहतात. अर्ध्यांना रशियन व्हायचंय आणि उरलेल्या अर्ध्यांनाही रशियनच व्हायचंय. फ्रेंच व्हायला कुणी तयार नाही, म्हणून फ्रेंचांना रोज सिगारेटचं एक पाकीट जास्त मिळतं. इतिहासाच्या सल्लागारांनी पन्नास जणांमधून मला मदतनीस म्हणून निवडलं. शेतावर कुठे काय आहे त्याचा नकाशा करणं हे माझं काम. विहीर, जुना बांध, पाणथळ जागा, सगळं मी चालून पाहिलं आणि टेकाडाजवळ लिहिलं: "१९२७ सालच्या बुळकांडीतली गुरं पुरलेली जागा. धोका नाही. खोदता येईल." जनावरांच्या डॉक्टरांना विचारून लिहिलं. बुळकांडीचे जंतू जमिनीखाली काही महिन्यांत मरतात, छत्तीस वर्षं टिकत नाहीत.

तूच मला शिकायला पाठवलंस. गाय विकायची वेळ आली तरी मला परत बोलावलं नाहीस. शिकून मी तेच भुताखेतांचं मानत राहावं अशी तुझी इच्छा होती का? मग पाठवायचं नव्हतं. परवा, बुधवारी, सुरुंगवाले जवान जागा तपासतील, मग यंत्र येईल. मी तिथे हजर असेन, आणि मला लाज वाटणार नाही.

रिम्मा


८ ऑगस्ट

आई,

फ्रोस्या मावशी सांगत होती, तुला दोन संध्याकाळी लागल्या वाचायला. मी विचारलं, "काही म्हणाली का?"

"म्हणाली ना. यंदा बटाटे बारीक आहेत म्हणाली."

ठीक आहे. मग मीच बोलते.

काल सकाळी सुरुंगवाले टेकाडावर गेले. इथे नियम आहे: चित्रीकरणाच्या स्फोटांसाठी दारू पुरण्याआधी जमिनीत खऱ्या लढाईतलं काही राहिलं नाही ना, हे यंत्राने तपासायचं, आणि नकाशावर जबाबदार माणसाची सही असल्याशिवाय फावडं मारायचं नाही. सही माझी होती. त्यांचा म्होरक्या सार्जंट तुर्सुनोव, फरगाण्याकडचा, माझ्याहून लहान. चित्रीकरणासाठी त्याला फ्रेंचांचा निळा कोट चढवलेला, बटणं गळ्यापर्यंत, आणि घाम गाळत तो कानाला यंत्र लावून चालत होता. थोड्या वेळाने त्याने मला हाक मारली.

"सल्लागार बाई, तुमच्या गावच्या गाई कमरेला पट्टा बांधतात?"

मी खाली पाहिलं. पट्ट्याचा पितळी चौकोन होता. त्याच्या शेजारी बूट होता, आणि बूट रिकामा नव्हता. थोडं पलीकडे शिरस्त्राण, आपलंच, एकेचाळीस सालातलं. तुर्सुनोवने एक काळी नळी उचलली, बोटभर लांबीची. नाव-गाव लिहून जवान गळ्यात किंवा खिशात ठेवायचे, ती. आत कागद होता, पण कोरा. "लिहिलं की मरण येतं असं मानायचे," तो म्हणाला. "माझ्या बापानेही लिहिलं नसणार. तोही बेपत्ताच आहे." मग त्याने ती फ्रेंच टोपी काढली आणि त्याच्या मागचे अकरा फ्रेंच न सांगता थांबले.

मी धावत ब्रुस्नीत्सिन साहेबांकडे गेले. मुख्य दिग्दर्शक पलीकडच्या काठावर घोडदळ घेतायत, आपल्या काठाचं सगळं हे बघतात. ते शिडीवर बसून काकडी खात होते. मी सांगितलं. त्यांनी काकडी पूर्ण संपवली.

"रिम्मा येगोरोव्ना, या देशात कुठे खणलं की हाडं लागत नाहीत, ते दाखवा. मी तिथे जाऊन सिनेमा काढतो."

"पण हे आपले जवान आहेत!"

"असतील. मग खोल खणू नका. माती परत लोटा, वरच्यावर दारू ठेवा. त्यांना आता काय फरक पडतो?"

"ही कादंबरी कशाबद्दल आहे, साहेब?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "सेनापती लढाई जिंकत नाहीत, साधी माणसं जिंकतात, हेच ना त्यात लिहिलंय?"

"माझ्यासाठी ती आठ मिनिटांबद्दल आहे. सूर्य डावीकडे असतानाच्या आठ मिनिटांबद्दल. आणि तुम्ही त्यातलं एक आत्ताच खाल्लंत."

जिल्हा समितीचे साहेब तंबूत चहा पीत होते, म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यांनी पिशवीतून यादी काढली, आपल्या गावाच्या नावावर बोट ठेवलं आणि ती फिरवून मला दाखवली. "तुमच्या गावात एकही लष्करी थडगं नाही. यादी पूर्ण आहे." मी म्हटलं, बाहेर चला, बूट दाखवते. ते म्हणाले, "बूट कुणाचाही असू शकतो. यादी सरकारची आहे."

संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर नवा कागद आला: जागा स्वच्छ आहे, काम पुढे चालू ठेवावं. खाली माझ्या सहीची जागा. मी अजून सही केलेली नाही.

आता तुला विचारते. त्या टेकाडाखाली कोण आहे ते तुला माहीत होतं. तेवीस वर्षांची मी, आणि इतकी वर्षं तू मला गुरं, बुळकांडी, जवळ जाऊ नकोस, हात धू, असं सांगत आलीस. खोटं तू बोललीस आणि दार माझ्यावर लावलंस. हा कुठला न्याय? निरोप पाठव. एक ओळ पुरे. बटाट्यांवर नको.

रिम्मा


१० ऑगस्ट

आई,

तुझ्याकडून काही आलं नाही. फ्रोस्या मावशी आज पिशवी खांद्यावरून न उतरवता माझ्या खाटेवर बसली आणि म्हणाली, "पेलागेया बोलायची नाही. ती मेली तरी बोलायची नाही. मी बोलते, मला काय, मी तशीही गावभर बोलतेच."

तिने सगळं सांगितलं. आता मला माहीत आहे, तर तुलाही माहीत असू दे की मला माहीत आहे.

एकेचाळीस सालचा ऑक्टोबर. वेढ्यात सापडलेली आपली माणसं रस्त्याने बाहेर पडायला बघत होती आणि रस्त्यावरच पडली. जर्मनांनी गावच्या बायकांना रस्ता मोकळा करायला लावलं, प्रेतं खंदकात लोटा म्हणाले. खंदकात पाणी होतं. तू म्हणालीस, पाण्यात नाही. तू, फ्रोस्या मावशी आणि आता हयात नसलेल्या दोघी, चौघींनी मिळून चादरींवर ओढत त्यांना टेकाडावर नेलं, कारण तिथे कोरडं होतं. चौतीस जण. दोन दिवस लागले.

"आणि तू काठावर बसली होतीस," मावशी मला म्हणाली. "शालीत गुंडाळलेली. चिखल खात होतीस. आईने तीनदा तोंड पुसलं, तीनदा पुन्हा खाल्लास."

मग त्रेचाळीसमध्ये आपलं सैन्य परतलं आणि त्यांच्या मागून चौकशीवाले आले. वेढ्यात गेलेला म्हणजे शरण गेलेला, असं धरून चालायचे दिवस. बाबांचं नाव बेपत्ता म्हणून आलेलं. तुला तीनदा बोलावलं: नवरा शरण गेला का, पत्र येतं का, कुठे लपवलंस. अशा बाईने चौतीस वेढ्यातले जवान पुरले आहेत असं सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला पुस्तकात कुणी शिकवलं नाही, पण मावशीच्या चेहऱ्यावरून कळलं. अधिकाऱ्याने टेकाडाकडे बोट दाखवून विचारलं, "ते काय?" आणि तू म्हणालीस, "सत्तावीस सालची गुरं. बुळकांडी."

"आणि काय झालं माहीत आहे?" मावशी हसायलाच लागली. "अठ्ठेचाळीस साली जिल्ह्याहून डॉक्टर आले, चुना टाकला आणि चारी बाजूंनी कुंपण घालून दिलं. सरकारी खर्चाने! एवढं चांगलं कुंपण तर दफनभूमीलाही नव्हतं. ट्रॅक्टरवाले दहा पावलं लांबून वळायचे. तुझ्या आईसारखी खोटं बोलणारी बाई मी जन्मात पाहिली नाही."

मी १८१२ च्या मोहिमेवर प्रबंध लिहिला. त्या साली या नदीच्या काठी कुठली पलटण कुठे उभी होती, तिच्या घोड्यांचा रंग कोणता होता, मला पाठ आहे. शाबासकी मिळाली होती. आणि आपल्या शेतात कोण झोपलंय हे मला माहीत नव्हतं.

हे वाक्य लिहून पेन खाली ठेवलं होतं. पुन्हा उचलते, कारण ते खरं नाही.

मी अकरा वर्षांची असताना वसंतात, मृतांची आठवण करायच्या दिवशी, आंबट पाला खुडायच्या निमित्ताने तू टेकाडावर गेलीस आणि मी तुझ्या मागे लपून आले. थडग्यावर ठेवतात तसं तू गवतात लाल अंडं ठेवलंस. गुरांसाठी कुणी अंडं ठेवत नाही. अकरा वर्षांच्या मुलीलाही एवढं कळतं. मी तेव्हा विचारलं नाही. आणि या जुलैत नकाशा भरताना ते अंडं मला आठवलं, आई. हातात पेन होतं आणि आठवलं. विचारायचं तर तुझ्याकडे यावं लागलं असतं, तू गप्प राहिली असतीस, दिवस गेला असता आणि सल्लागार म्हणाले असते, मुलगी हळू काम करते. म्हणून मी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांच्याकडून हवं तेच उत्तर मिळणार होतं.

तू बोललेलं खोटं माणसं झाकायला होतं. माझं खोटं माझी हुशारी दिसावी म्हणून होतं. एवढ्याची माफी मागते. पहिल्या पत्रात म्हटलं होतं मागणार नाही. ते खोडलं असं समज.

नव्या कागदावर मी सही करणार नाही.

रिम्मा


१२ ऑगस्ट

आई,

काय काय झालं ते सांगते.

शनिवारी मी निवेदन लिहिलं. "या टेकाडात किमान चौतीस सोव्हिएत जवान पुरलेले आहेत. नकाशावरची माझी नोंद खोटी आहे. ती मी केली. ती मी मागे घेते." चार प्रती काढल्या: सल्लागारांना, जिल्हा समितीला, वर्तमानपत्राला आणि जवानांच्या जनरलना. सही मागे घेतल्याबरोबर सुरुंगवाल्यांचं काम नियमानेच थांबलं. तुर्सुनोवने मला सलाम केला. फ्रेंच कोटात केला, म्हणून सगळे हसले.

ब्रुस्नीत्सिन साहेब हसले नाहीत. "पुढच्या शिक्षणासाठी तुम्ही मॉस्कोला अर्ज केला आहे ना? तिथे माझा एक शब्द पुरेसा आहे."

मी म्हटलं, "मग दोन बोला. दुसरा या टेकाडाबद्दल."

सल्लागारांनी मला कामावरून काढलं. तसं करताना ते खिडकीबाहेर बघत होते. चांगला माणूस आहे, पण खिडकीबाहेर बघणारा.

काल जनरलनी सगळ्यांना बोलावलं. स्वतः वेढ्यातून बाहेर पडलेला माणूस आहे म्हणतात, डाव्या हाताला तीन बोटं नाहीत. जिल्हा समितीचे साहेब मला म्हणाले, "ही माहिती दिली कोणी? साक्षीदाराचं नाव सांगा. नाव नसेल तर ही एका मुलीने उठवलेली आवई आहे."

फ्रोस्या मावशीचं नाव मी घेतलं नाही. तिची नोकरी टपालखात्यात आहे. तुझं नाव घेतलं नाही.

मी म्हटलं, "मी स्वतः पाहिलं. मीच साक्षीदार."

"तुमचा जन्म कधीचा?"

"एप्रिल १९४०."

"म्हणजे तुम्ही दीड वर्षाच्या होतात."

"होय. दीड वर्षाची असताना पाहिलं. काठावर बसले होते."

तंबूत हशा पिकला. जनरल हसले नाहीत. ते म्हणाले, "दीड वर्षाच्या मुलाची साक्ष मला कागदावर घेता येत नाही, बाई. घेता आली असती तर घेतली असती." मग दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं सांगितलं: बुधवारी दुपारी बारापर्यंत ज्यांनी पुरलं त्यांच्यापैकी कुणी स्वतः येऊन नावानिशी सांगेल, तर तोफा तीनशे पावलं उत्तरेला सरकतील आणि जवान टेकाडातल्या माणसांना नीट बाहेर काढून पुन्हा पुरतील, मानवंदनेसह. कुणी आलं नाही तर सही करायला ब्रुस्नीत्सिन साहेब दुसरा मदतनीस आणतील, आणि त्यांना, म्हणजे जनरलना, वरून आलेला हुकूम पाळावा लागेल.

हे मी तुला कळवते आहे. एवढंच. ये असं म्हणत नाहीये. बाबांबद्दल तुला तीनदा विचारलं गेलं, त्यानंतर कितीतरी वर्षं तू दारावर थाप पडली की आधी माझ्याकडे बघायचीस, हे मला आठवतं. ते सगळं पुन्हा उकरायचा मला हक्क नाही. जिल्हा समितीच्या साहेबांची पिशवी मी पाहिली आहे, तिच्यात आणखी कुठले कागद आहेत कोण जाणे.

पण मी इथून हलणार नाही. पत्र टेकाडावर बसून लिहिते आहे. यंत्र आलं तर त्याला मला उचलून बाजूला ठेवावं लागेल आणि मी पुन्हा येऊन बसेन. तुर्सुनोवची माणसं भरडाची लापशी आणून देतात आणि "बाईसाहेब, दीड वर्षाच्या झालात की कळवा" म्हणून चिडवतात. मी त्यांना सांगितलं, लढाईत फ्रेंच हरले होते, तोंड सांभाळा.

मॉस्को गेलं तर गेलं. मी गावच्या शाळेत इतिहास शिकवेन, आणि पहिला धडा या शेतापासून सुरू करेन.

तुझी (तू मान किंवा न मान)
रिम्मा


१३ ऑगस्ट, मंगळवार

रिम्मा,

हे मी स्वतः लिहिते. फ्रोस्या लिहून देते म्हणाली, मी नको म्हटलं, ती स्वतःचं घालते.

तुझी चारही पत्रं वाचली. तू लांब लिहितेस.

खोटं बोलले. बोलले म्हणून त्यांच्यावरून नांगर गेला नाही. त्याची मला लाज नाही.

अंडं ठेवताना तू झुडपामागे होतीस. लाल रुमाल दिसत होता. मला वाटलं, मोठी झाली की विचारेल. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. दोघींचं सारखंच.

दार लावलं ते तुझ्यावर नाही. तू ते शब्द हसत हसत बोललीस, मला उभं राहवेना.

आज केस धुतले. काळं जाकीट उन्हात टाकलं. उद्या सकाळी मी तुझ्या जनरलकडे येते. फ्रोस्याही येते, तिला येऊ नको म्हटलं तर तीन दिवस बोलणार नाही म्हणाली, म्हणून जवळजवळ म्हटलंच होतं. तू मधे बोलू नकोस. तुला मधे बोलायची सवय आहे.

त्यांनी मला येगोरबद्दल तीनदा विचारलं, मी तीनदा गप्प बसले. उद्या मी विचारणार. ही माणसं तुमच्या यादीत का नाहीत, ते त्या पिशवीवाल्याला विचारणार, आणि उत्तर मिळेपर्यंत बाकावरून उठणार नाही. मला काय, गाय फ्रोस्याची सून पिळेल.

एक काम कर. तुझ्या कागदावर चौतीस लिहिलंय, ते चूक आहे. फ्रोस्या पहिल्या दिवशी दुपारी घरी गेली होती, मुलाला पाजायला. बाकीच्या दोघी वर खणत होत्या, तेवढ्या वेळात मी दोघांना एकटीने नेलं. एक अगदी पोरगा होता, हलका. दुसरा जड होता, त्याला ओढताना माझी चादर फाटली, मग बाहीला धरून नेलं. छत्तीस आहेत. चारही कागद पुन्हा लिही. छत्तीस लिही, आणि कोणी पुरले त्या जागी माझं नाव घाल, पूर्ण घाल.

पेलागेया निकिफोरोव्ना सुखारेवा